लांब ती चांगली

पुण्यात शाळेची पारख करायची एक सोपी रीत आहे. घर ते शाळा अंतर मोजायचं. शाळेची घंटा स्वयंपाकघरात ऐकू येत असेल तर शाळा साधारण. रिक्षाकाका लावावे लागत असतील तर बरी. पिवळी बस दारात येत असेल तर चांगली. आणि ती बस महापालिकेची हद्द ओलांडून, दोन गावं मागे टाकून डोंगराच्या पायथ्याला लागत असेल, तर त्या शाळेचं नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो. अंतर झालं की फी विचारायची. फी ऐकून बाप ‘ही दहावीपर्यंतची एकदम ना?’ म्हणाला, तर शाळा उत्तम समजावी आणि प्रवेश उरकून टाकावा.

आम्ही वारज्यात राहतो. सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एका जुन्या संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. राज्य मंडळाची. वर्षाची फी पस्तीस हजारांच्या आसपास. सकाळची प्रार्थना सुरू झाली की आमच्याकडे दुसरा चहा होतो आणि मधली सुट्टी झाली की आई कुकर लावते. गॅदरिंगच्या दिवसांत तर तिथल्या कोळीनृत्याच्या स्टेप्स अख्ख्या बी विंगला पाठ होतात. दुसरी शाळा चांदणी चौकातून पुढे, भूगाव आणि भुकूम ओलांडून, मुळशी तालुक्यातल्या एका टेकडीवर. फी सव्वादोन लाख, बसचे साठ हजार वेगळे, आणि ‘इतर’ या सदरात काय काय येतं ते प्रवेश घेतल्यावर कळतं. कन्या मोठ्या शिशूत होती. पहिलीसाठी या दोहोंतली एक निवडायची होती.

हा हंगाम गणपती विसर्जनानंतर सुरू होतो. मूल ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण करतं की नाही, एवढंच सरकार बघतं. बाकी सगळं सोसायटी बघते. लिफ्टमध्ये ‘काय, पाऊस थांबला वाटतं’ बंद होऊन ‘काय, शाळेचं काय ठरलं?’ सुरू होतं. ज्यांची मुलं आधीच टेकडीवर जातात ते पालक यात बुजुर्ग. ते सल्ला देत नाहीत, नुसते हसतात. ज्यांची मुलं मागच्या शाळेत जातात त्यांना कोणी विचारत नाही. त्यांनी सांगितलंच, तर समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘हो का? बरंय, जवळ पडते.’ वारलेल्या माणसाबद्दल ‘चला, वय झालेलं होतं’ म्हणताना जो सूर लागतो, तोच हा.

मग बोर्डाची चर्चा. आपल्याकडे शैव-वैष्णवांचे वाद मिटले, पण एसएससी, सीबीएसई, आयसीएसई आणि आयबी यांचे मिटायची चिन्हं नाहीत. या वादातही शेवटी अंतरच जिंकतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. राज्य मंडळाची कचेरी भांबुर्ड्यात, आगरकर संशोधन संस्थेच्या मागे. पाठ्यपुस्तकं करणारी बालभारती सेनापती बापट रस्त्यावर. ज्या बोर्डाच्या कचेरीत रिक्षाने जाऊन भांडता येतं, त्या बोर्डावर पुणेकराचा विश्वास बसणार कसा? सीबीएसई दिल्लीत, म्हणजे वजनदार. आणि आयबीचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाला. शाळा मुळशीत आणि बोर्ड जिनिव्हात, यापुढे लांब जायचं तर मंगळावरच. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका बालभारतीतून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा ग्रुपवर लिहिलं, ‘पहिलीत अक्षर, आकडा आणि शिस्त, एवढंच असतं. ते जिनिव्हाहून आणायची गरज नाही.’ त्यावर कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

आमच्या घरात तीन पक्ष पडले. हिने एक्सेलमध्ये तक्ता केला. मैदान, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, वर्गातली मुलं, इंग्रजी, बोर्ड, फी, अंतर. टेकडीवरची शाळा बहुतेक सगळ्या रकान्यांत पुढे होती. शेवटचे दोन रकाने तेवढे आडवे आले. त्यावर हिचं म्हणणं असं, की हे दोन काढून टाकले तर निर्णय एकदम स्पष्ट आहे. आईचा पक्ष जवळच्या शाळेचा, कारण डबा राहिला तर भिंतीवरून देता येतो. बाबांची मात्र पंचाईत झाली. ते अंतराच्या बाजूने होते आणि फीच्या विरोधात.

मराठी घरातल्या प्रत्येक आजोबांची शाळा लांब होती. ती वर्षागणिक आणखी लांब जाते. मी लहान असताना बाबांची शाळा दोन मैलांवर होती. माझी दहावी आली तेव्हा तिच्या वाटेत ओढा आला. नात झाल्यावर ओढ्याला पूर आला, आणि आता पुरातून ते पाटी डोक्यावर धरून जात असत. ‘चालल्याशिवाय विद्या मुरत नाही,’ असं त्यांचं मत. बसने गेलेलं मोजायचं का, हे विचारल्यावर ते विचारात पडले. म्हणाले, ‘बसने जायचं तर मग फी कशाला?’ या वाक्याचा अर्थ आम्हाला अजून लागलेला नाही, पण त्यात काहीतरी आहे असं सगळ्यांनाच वाटतं.

लांबच्या शाळेची ओढ तशी जुनीच. श्रीकृष्णाला मथुरेत काय गुरू मिळाले नसते? पण वसुदेवांनी दोन्ही मुलांना पार उज्जैनला, सांदीपनींच्या आश्रमात धाडलं. तिथे त्यांनी चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात केल्या असं सांगतात, म्हणजे क्रॅश कोर्सही जुनाच. फी ऐकाल तर आजच्या शाळा धर्मादाय वाटतील. समुद्रात नाहीसा झालेला गुरूंचा मुलगा परत आणून द्या, एवढीच गुरुदक्षिणा. हप्ते नाहीत, सवलत नाही. आणि वर्गात शेजारी सुदामा. दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी खासगी शाळेत २५ टक्के जागा राखायचा कायदा आपल्याकडे २००९ साली झाला, सांदीपनींनी तो आधीच अमलात आणला होता. पण पालकांच्या ग्रुपवर ही गोष्ट सांगितली की सगळे कृष्णाचंच उदाहरण घेतात. सुदामाही त्याच शाळेचा माजी विद्यार्थी होता आणि पुढे अनेक वर्षं त्याच्या घरी पोह्यांपलीकडे काही नव्हतं, याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आम्ही टेकडीवर गेलो. फाटकावर आमचा फोटो काढला, गळ्यात पट्टा अडकवला आणि एका थंडगार खोलीत बसवलं. तिथे शिक्षक नव्हते, ‘ॲडमिशन काउन्सेलर’ होत्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं, ‘आमच्याकडे इंटरव्ह्यू नसतो हं.’ बरोबरच आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्यांदा लावली तर २५ हजारांपर्यंत दंड आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. म्हणून ती ‘इंटरॅक्शन’ होती. इंटरॅक्शनमध्ये कन्येला रंग विचारले आणि आम्हाला नोकरी. ‘तुमचं पेरेंटिंगचं व्हिजन काय?’ या प्रश्नावर मी हिच्याकडे पाहिलं, हिने माझ्याकडे, आणि कन्या म्हणाली, ‘पर्पल.’ तेवढ्यावर भागलं.

नंतर शाळा दाखवली. पाणी कोमट राहणारा तलाव. उतरत्या पायऱ्यांचं खुलं नाट्यगृह. प्रयोगशाळा तर इतकी स्वच्छ, की तिथे प्रयोग होत असतील यावर विश्वास बसेना. घोडेस्वारीचं मैदान पाहिलं. ‘घोडे किती?’ मी विचारलं. ‘सध्या एक आहे, दुसरा प्रोसेसमध्ये आहे,’ काउन्सेलर म्हणाल्या. प्रोसेसमधला घोडा कसा दिसतो याचा मी बराच वेळ विचार करत होतो. परतताना हिने विचारलं, ‘पालकसभा कधी असतात?’ उत्तर आलं, ‘वर्किंग डेला, अकरा वाजता.’ यातली मेख नंतर समजली. २०११ च्या फी नियमन कायद्यानुसार शाळेची फी शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवून मंजूर करून घ्यावी लागते. कायदा पालकांच्या हाती आहे, फक्त पालक कोथरूडच्या सिग्नलला आहेत.

दुसऱ्या दिवशी मागच्या शाळेत गेलो. त्यासाठी चपला बदलल्या नाहीत. दारातच शिपाईमामांनी ‘जन्मदाखला आणलाय का, झेरॉक्स दोन लागतील’ म्हणून सुरुवात केली. फळ्यावर सुविचार होता, त्याखाली आजच्या पटाचा आकडा. मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. आदल्या दिवशीचा अनुभव ताजा असल्यामुळे आम्ही आमचं पेरेंटिंगचं व्हिजन तयार ठेवलं होतं. बाईंनी विचारलं, ‘राहता कुठं?’ हिने खिडकीतून बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, ‘मग विचारता काय?’

हिने तरी तक्ता काढून एकेक रकाना विचारला. मैदान आहे का? ‘तुमच्या बाल्कनीतून दिसतंय की. तुमची मुलगी रोज कठड्याला धरून आमच्या पीटीचे प्रकार करते, मी बघते. डावा हात चुकतो तिचा.’ तलाव? ‘नाही.’ घोडे? बाईंनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘पहिलीला जून ते दिवाळी आम्ही फक्त वाचायला लावतो. दिवाळीनंतर मूल दुकानांच्या पाट्या वाचत घरी जातं. एवढं करतो बघा.’ बाहेर पडल्यावर ही म्हणाली, ‘बाई चांगल्या आहेत गं…’ आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं. गं कोणाला म्हणाली ते माहीत नाही, पण पुढचा शब्द ‘पण’ होता हे मी ओळखलं.

निर्णय लांबला म्हणून मी एका सकाळी चांदणी चौकात जाऊन उभा राहिलो. या चौकाने पुणेकरांचं भूगोलाचं बरंच ज्ञान वाढवलेलं आहे. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला, १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या पुलांचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून एका चुकलेल्या वळणात माणूस थेट मुंबईच्या वाटेला लागू शकतो. सकाळी सात-साडेसातला तिथे पिवळ्या बसांची रीघ असते. कोथरूड, वारजे, कर्वेनगरच्या मुलांना घेऊन बसगाड्या मुळशीकडे निघालेल्या. मग लक्षात आलं, समोरूनही पिवळ्या बसगाड्या येताहेत. भूगाव, भुकूम आणि पिरंगुटच्या मुलांना घेऊन त्या कोथरूडकडे निघाल्या होत्या. टेकडीवरची शाळा तिथल्यांना जवळ पडते ना! कोंडीत दोन्हीकडच्या बसगाड्या शेजारी शेजारी थांबतात. मुलं एकमेकांना टाटा करतात आणि एकमेकांच्या घराशेजारी शिकायला जातात.

२०११ च्या नियमावलीप्रमाणे शाळेच्या बसला पिवळा रंग लागतो आणि वेगनियंत्रक लागतो. भूगावच्या रस्त्यावर तो वेगनियंत्रक म्हणजे निव्वळ शोभा आहे, कारण वेगाचं नियंत्रण रस्ताच करतो. बसमध्ये एक मावशी असते. मुलांना झोपेतून उठवणं, डबे गोळा करणं, उलटीसाठी पिशव्या पुरवणं आणि भांडणं सोडवणं ही तिची कामं. माझं तर मत झालंय की टेकडीवरच्या शाळेतलं सर्वांत महत्त्वाचं शिक्षण या मावशीच्या हाती आहे, कारण मूल जागेपणीचा बराचसा दिवस तिच्याकडेच असतं. शेजारच्या वहिनींनी इंग्रजीसाठी मुलाला तिथे घातलं. तो वर्षभरात उत्तम हिंदी शिकला. बसमध्ये सगळी मुलं हिंदीत बोलतात आणि ड्रायव्हरकाका लावतात ती गाणीही हिंदी. वर्गातली इंग्रजी वर्गातच राहते, बसमधली हिंदी घरी येते.

झोपेची गोष्ट तर आणखी मजेची. लहान मुलांची झोप होत नाही म्हणून राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. उत्तम निर्णय. टेकडीवरची शाळा नऊला भरते. त्यासाठी बस वारज्यातून सव्वासातला निघते, त्यासाठी मूल सव्वासहाला उठतं, त्यासाठी आई साडेपाचला उठते. सरकारने दिलेली झोप अशी रस्त्यात सांडते. मागच्या शाळेतली मुलं प्रार्थनेची पहिली ओळ ऐकून घरातून निघतात आणि शेवटच्या ओळीला रांगेत उभी असतात. दप्तराचंही तसंच. त्याचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असा नियम आहे. टेकडीवर पुस्तकं कपाटातच ठेवतात, हे खरं. पण सकाळचा खाऊ, जेवणाचा डबा, फळांचा डबा, दोन बाटल्या, टॉवेल, पोहण्याचे कपडे आणि कोंडीत अडकल्यावरचा खाऊ मिळून जे गाठोडं होतं, ते कोणत्याच नियमात दप्तर धरलेलं नाही.

आणि पावसाळा. घाटमाथ्यावर जोर वाढला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, आणि तिची यादी सुरू होते मुळशी, मावळ, भोर इथून. म्हणजे वारज्यात लख्ख ऊन आणि टेकडीवरच्या मुलांना सुट्टी. शाळा महाग असली तरी सुट्ट्याही जास्त देते, असं म्हणायला हरकत नाही. एकदा तर मेसेज आला तेव्हा बस भुकूमपर्यंत पोचली होती. मुलं तिथूनच माघारी आली. येताना कोंडी असल्यामुळे शाळेची वेळ मात्र बरोबर भरली.

आता जरा वेगळं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शेजारची शाळा ही कल्पना फार आदराने मांडलेली आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत. त्याआधी १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानेही हेच सांगितलं होतं, की सगळ्या थरांतली मुलं एकाच वस्तीच्या शाळेत एकत्र बसावीत. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. शाळा लांब म्हणून गरिबाचं पोर घरी बसतं, तर शाळाच त्याच्या गावात न्यायची, नाहीतर पोराला वसतिगृहात आणायचं, यासाठी त्या माणसाने आयुष्य वेचलं. तीन पिढ्या खपल्या तेव्हा शाळा आपल्या भिंतीला येऊन लागली. ती आल्याबरोबर आपण बस ठरवली.

पंचवीस टक्क्यांच्या सोडतीचे दिवस आले की हे आणखी उठून दिसतं. सोडतीत एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. आमच्या सोसायटीचे वॉचमन त्या दिवसांत मोबाइलवर नकाशा घेऊन आपल्या खोलीची खूण अगदी बरोबर लागली ना, हे चारचौघांकडून तपासून घेत होते. त्यांना शाळेच्या जवळ असल्याचं सिद्ध करायचं होतं. त्याच वेळी आम्ही वर बसून शाळा आणखी किती लांब परवडेल ते बघत होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून मोकळीक दिली होती. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. वॉचमनच्या मुलीचा नंबर मागच्या शाळेत लागला. ती दुपारी घरी येऊन, जेवून, अभ्यास उरकून फाटकाशी लंगडी खेळत असते, तेव्हा सव्वादोन लाखांची मुलं भूगावात खिडकीला नाक लावून बसलेली असतात.

हे सगळं दिसत असूनही माणसं लांबची महाग शाळा का घेतात? मूर्ख असतात म्हणून नव्हे. शाळा निवडताना आईबापांच्या डोळ्यांपुढे मूल नसतंच. त्यांना वीस वर्षांनंतरचं एक भांडण दिसत असतं. त्या भांडणात मूल म्हणणार आहे, ‘तुम्ही माझ्यासाठी काय केलं?’ तेव्हा ‘मागच्या शाळेत घातलं, बाई चांगल्या होत्या’ हे उत्तर फार अपुरं पडेल अशी धास्ती प्रत्येकाला असते. ‘वर्षाला तीन लाख ओतले’ हे उत्तर भक्कम आहे. त्यावर मुलाला बोलता येत नाही. मूल हुशार निघालं तर शाळेमुळे, आणि बेताचं निघालं तर ‘एवढं करूनही’. पालकाकडे दोष येत नाही. जवळच्या शाळेत ही सोय नाही. तिथे मूल बेताचं निघालं, तर ते आपल्यावर गेलंय हे मान्य करावं लागतं.

हे एकदा बोलून झाल्यावर आमच्या घरातलं वातावरण निवळलं. हिने तक्त्यात ‘वीस वर्षांनंतरचं भांडण’ असा नवा रकाना काढला आणि मला विचारलं, ‘तू तुझ्या आईबाबांशी शाळेवरून कधी भांडलास?’ मी म्हणालो, ‘नाही, क्रिकेटच्या बॅटवरून भांडलो.’ बॅट परवडण्यासारखी आहे, असं तिने नोंदवलं. कन्या मागच्या शाळेत जाऊ लागली.

जवळच्या शाळेचेही तोटे आहेत, ते लपवू नयेत. पहिला तोटा म्हणजे बाई इथेच राहतात. टेकडीवरच्या पालकांना मुलाची प्रगती ॲपवर येते, तीही चांदण्या आणि बदामांच्या रूपात. आम्हाला ती भाजीवाल्यापुढे, कोथिंबिरीची जुडी हातात असताना, मोठ्या आवाजात मिळते. ‘तुमची मुलगी हुशार आहे हो, पण गप्प म्हणून बसत नाही. कोणावर गेलीय?’ भाजीवाला, मागे उभे असलेले दोघे आणि बाई, असे चौघं माझ्याकडे बघतात. दुसरा तोटा, शाळा बुडवायला कारण सापडत नाही. कोंडी नाही, बस चुकत नाही. ताप आला म्हणून कळवावं, तर बाल्कनीत उड्या मारताना बाईच बघतात. तिसरा तोटा वाचलेल्या पैशांचा. ‘मग त्या पैशांचं काय करता?’ हा प्रश्न सोसायटीत इतक्यांनी विचारला, की पैसे वाचवणं हा काहीतरी गैरव्यवहार असावा असं वाटायला लागतं.

पण सर्वांत मोठी तक्रार कन्येचीच होती. तिला तलाव नको होता, घोडा नको होता. शाळा कुठली याच्याशी तिचं देणंघेणं नव्हतं. तिला पिवळी बस हवी होती, आणि खिडकीची जागा. सगळ्या मैत्रिणींना बस, आणि आपल्याला नुसतं चालायचं, हा तिच्यावर उघड अन्याय होता. आम्ही एवढा अभ्यास केला, तक्ता केला, आयोग आणि कायदे चाळले. तिला एका वाक्यात विचारलं असतं, तर तिने टेकडी निवडली असती, तीही मधल्या रस्त्यासाठी.

यावर तोडगा बाबांनी काढला. दर रविवारी सकाळी ते नातीला घेऊन निघतात. पीएमपीएमएलची बस, बदलून दुसरी बस, चांदणी चौक, भूगाव, भुकूम. तिला खिडकीची जागा. दिवाळीनंतर ती वाटेतल्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचते आणि कंडक्टर तिचे उच्चार सुधारतो. टेकडीच्या पायथ्याला उतरून दोघं शाळेची फाटकं, झाडं आणि तो एक घोडा लांबून बघतात, वडापाव खातात, उरलेलं अंतर चालून ‘विद्या मुरवतात’ आणि परत येतात.

लिफ्टमध्ये कोणीतरी बाबांना विचारलं, ‘रविवारी नातीला घेऊन कुठं जाता काका?’ बाबांनी खरं तेच सांगितलं. टेकडीवरच्या शाळेचं नाव घेतलं आणि म्हणाले, ‘तिकडे नेतो. वाचन, निरीक्षण आणि चालणं.’ दोन दिवसांत सोसायटीत बातमी पसरली, की त्या शाळेने रविवारचा खास कोर्स काढलाय आणि बाहेरच्या मोजक्या मुलांनाच घेतात. आतापर्यंत तिघा-चौघांनी फी विचारली आहे. बाबा सांगत नाहीत. म्हणतात, ‘दोघांचं बसभाडं आणि वडापाव, एवढं ऐकलं तर एकही जण प्रवेश घेणार नाही.’